मज्जातंतूंचे विकार आणि शेतकऱ्याचें मौन

कपाशीचें पान पिवळें पडलें म्हणजे आपण स्वस्थ बसत नाहीं. खालचीं जुनीं पानें पिवळीं पडलीं तर नत्राची उणीव, शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोहाची, एवढा भेद आतां शाळकरी पोरालाहि ठाऊक आहे. आपण झाड उपटून मुळ्या पाहतों, शेजाऱ्याच्या बांधापलीकडे तेंच दिसतें काय हें पाहतों, पाण्याची मागील पाळी केव्हां झाली व खत कोणतें टाकलें हें आठवतों. आणि शेतकी खात्याचा मनुष्य आला म्हणजे ही सारी हकीकत त्यानें न विचारतां त्याच्यापुढें मांडतों. त्याच शेतकऱ्याच्या पायांस मुंग्या येऊं लागल्या, हातांतलें खुरपें गळूं लागलें किंवा चालतांना तोल जाऊं लागला, कीं तो डॉक्टरापुढें बसून एवढेंच सांगतो, "पाय भरून येतात." पुढें डॉक्टर विचारीत नाहीं व हा बोलत नाहीं. मज्जातंतूंच्या, म्हणजे आपण ज्यांस नसा म्हणतों त्यांच्या विकारांनीं पीडलेल्या आपल्या लोकांचीं निदानें वर्षानुवर्षें अडून राहतात, त्याचें एक मोठें कारण हें दुहेरी मौन होय असें माझें मत आहे. आणि तें मत मला फार महाग पडलेलें आहे.

माझे थोरले बंधु, ज्यांस घरांत व गांवांत सर्व दादाच म्हणतात, वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत कधीं अंथरुणास खिळले नाहींत. वीस वर्षांपूर्वीं पंढरीच्या वाटेवर त्यांनीं तुळशीची माळ घातली, तेव्हांपासून मांसमच्छी व अंडीं वर्ज्य केलीं. गोठ्यांत दोन म्हशी व एक संकरित गाय आहे; परंतु दोन्ही वेळचें दूध डेअरीच्या कॅनमध्यें जातें व घरांत चहा कोराच होतो. ही स्थिति आमच्या एकट्याच घरची नव्हे, हें वाचक जाणतातच. प्रथम दादांच्या पायांच्या बोटांस मुंग्या आल्या. मग कापसाच्या ढिगावरून चालल्यासारखें वाटूं लागलें. पायांतली चप्पल वाटेंत गळून पडे व त्यांस पत्ता नसे. दिवसां ते बरे चालत. पण शेतीची वीज आठवड्यांतील कांहीं दिवस रात्रींचीच मिळते, आणि रात्रीं पाणी द्यावयास गेले म्हणजे बांधावरून हटकून पडत. दिवसां धड आणि रात्रीं झोंकांड्या! गांवच्या पारावर याचा अर्थ काय लावला गेला, तें सांगावयास नको. माळ घातलेल्या मनुष्याविषयीं तशी कुजबुज व्हावी, हें दादांस पायांच्या दुखण्याहून अधिक लागलें. त्यांनीं पारावर बसणें सोडलें, आणि पुढें एकादशीच्या भजनासहि ते जाईनासे झाले.

तीन वर्षें उपचार झाले. पहिल्या डॉक्टरानें अशक्तपणा म्हणून रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानें संधिवात ठरविला. हाडवैद्यानें कंबर रगडली. मग, लपविण्यांत अर्थ नाहीं, आम्ही देवऋषीकडेहि जाऊन आलों. त्याचें निदान अर्थातच चुकलें. परंतु एक गोष्ट मला तेव्हांच टोंचली व अद्यापि टोंचते. त्या मनुष्यानें दादांस पाऊण घटका प्रश्न विचारले. दुखणें कोणत्या महिन्यांत लागलें, त्यापूर्वीं घरांत काय नवें आलें, कोणाच्या घरीं जेवलांत, रात्रीं कोठून जातां येतां, हें सारें त्यानें विचारलें. प्रश्न बहुतेक योग्य होते, त्यांवरून काढलेला अर्थ खोटा होता. ज्यांस अर्थ काढण्याची विद्या होती, त्यांनीं प्रश्नच विचारले नव्हते. लोक देवऋषीकडे कां जातात याबद्दल शहाणीं माणसें पुष्कळ रागावतात. तेथें रोग्याचें ऐकून घेतलें जातें, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

शेवटीं शहरांतील एका मोठ्या इस्पितळांत एम.आर.आय. काढण्यांत आला. मानेच्या मणक्यांची झीज दिसली. साठीच्या घरांतील, जन्मभर ओझीं उचललेल्या मनुष्याच्या मानेंत ती बहुधा दिसतेच, हें आम्हांस तेव्हां कोठें ठाऊक? शस्त्रक्रिया सांगितली गेली. तिच्या खर्चासाठीं विहिरीलगतचा दीड एकराचा तुकडा विकण्याचा सौदा ठरला व विसारहि घेतला.

तालुक्याच्या ठिकाणीं एक वृद्ध, निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे आम्ही केवळ दुसरें मत घ्यावें म्हणून गेलों. त्यांनीं एम.आर.आय.चें पाकीट न उघडतां बाजूस ठेविलें व विचारलें, "पाटील, तुम्ही रात्रीं पडतां कीं दिवसां?" मग, "सकाळीं तोंड धुतांना डोळे मिटले म्हणजे झोंक जातो काय?" दादा चकित झाले; तें नेमकें होत असे, पण कोणास सांगण्याजोगें त्यांस वाटलें नव्हतें. डॉक्टरांनीं त्यांस पाय जुळवून उभें केलें व डोळे मिटावयास सांगितलें, तोंच ते कलंडले. शाळेच्या प्रयोगशाळेंत असतो तसा नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडावर टेकविला. त्याचा कंप दादांस मुळींच कळला नाहीं. मग प्रश्न आला, "दूध किती पितां?" वहिनी दाराशीं उभ्या होत्या, त्याच म्हणाल्या, "दूध कुठलं, डॉक्टरसाहेब? सगळं डेअरीला जातं." आणि शेवटचा प्रश्न, "पित्तासाठीं कांहीं गोळी घेतां काय?" घेत होते; रोज सकाळीं एक, सहा वर्षें, दुकानांतून स्वतःच आणून. दुसऱ्या दिवशीं रक्त तपासलें. ब-१२ जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलें होतें.

या जीवनसत्त्वाची गोष्ट शेतकऱ्यानें मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. तें कोणत्याहि धान्यांत, डाळींत वा भाजींत तयार होत नाहीं. तें सूक्ष्म जंतु करतात. गाईम्हशींच्या पोटांतील जंतु तें बनवितात व दूधमांसावाटे तें आपणांस मिळतें. त्यासाठीं जमिनींत व चाऱ्यांत कोबाल्ट धातूचा अंश लागतो. ऑस्ट्रेलियांत कांहीं भागांतील मेंढ्या भरपूर गवत खाऊनहि खंगून मरत. त्यांस कोबाल्ट कमी पडत होतें, हें १९३५ च्या सुमारास उमगलें. अमेरिकेंत मिनो व मर्फी या डॉक्टरांनीं १९२६ सालीं काळीज खावयास घालून एका प्राणघातक पांडुरोगाचे रोगी वांचविले होते. त्या काळजांतील गुणकारी द्रव्य १९४८ सालीं शुद्ध रूपांत हातीं आलें, तेंच हें ब-१२. हें कमी झालें म्हणजे रक्त तर घटतेंच, परंतु पाठीच्या कण्यांतील ज्या तंतूंमुळें पाय कोठें पडला हें डोळे मिटूनहि कळतें, ते तंतूहि झिजतात. उजेडांत डोळे ती उणीव भरून काढतात. अंधारांत मनुष्य पडतो. आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानें, तसेंच मधुमेहावरील मेटफॉर्मिन या नित्याच्या औषधानें, अन्नांतील ब-१२ अंगीं लागण्यास अडथळा येतो. आणि ज्या तांबड्या गोळ्यांनीं दादांस बरें वाटलें होतें, त्यांतील फॉलिक आम्लानें रक्त सुधारतें खरें, पण मज्जातंतूंचा ऱ्हास आंतल्या आंत चालूच राहतो. म्हणजे पहिल्याच औषधानें रोगाची एक मोठी खूण पुसून टाकली होती.

इंजेक्शनें सुरू झालीं, एम.आर.आय.च्या खर्चापुढें त्यांची किंमत ती काय! हातांच्या मुंग्या चार महिन्यांत गेल्या. पाय निम्मे सुधारले. बाकीचे निम्मे आतां सुधारतील असें डॉक्टर म्हणत नाहींत; दोन वर्षें आधीं आलां असतां तर गोष्ट निराळी होती, एवढेंच ते म्हणाले. सौदा मोडला, विसार परत केला, वर घेणाराची बोलणीं खाल्लीं. तुकडा राहिला.

येथवर उणिवेची गोष्ट झाली. उलटपक्षीं, नको तें अन्न पोटांत गेल्यानें पाय गेले, असाहि प्रकार आपल्या व शेजारच्या मुलुखांत घडून गेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूस धानाच्या मागून लाखोळी होते. उत्तरेकडे तिलाच खेसारी म्हणतात. पाऊस दगा देवो कीं तांबेरा येवो, ती तगते. सागर जिल्ह्यांत १८२९ पासून कांहीं वर्षें गहू वारंवार बुडाला व लोकांनीं लाखेवर दिवस काढले. तेव्हां १८३३ च्या सुमारास तिशीच्या आंतील माणसांचे पाय कंबरेखालीं निकामी होऊं लागले. गांवोगांव शेतकऱ्यांशीं बोलत फिरणाऱ्या कर्नल स्लीमन यांनीं १८४४ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत ही हकीकत लिहून ठेविली आहे. डाळींतील विष मात्र भारतीय शास्त्रज्ञांनीं वेगळें काढून दाखविलें तें १९६४ सालीं. विक्रीवरील बंदीचा नियम त्यापूर्वीं तीनच वर्षें, १९६१ सालीं झाला. अधूनमधून चमचाभर डाळ खाल्ल्यानें हा रोग होत नाहीं. दोन-तीन महिने व अधिक काळ आहाराचा मोठा भाग तीच असली म्हणजे पाय ताठतात, गुडघे एकमेकांस घासतात, आणि तो ताठरपणा पुढें जन्मभर जात नाहीं. येथें एक कडू गोष्ट आपण जमीनधारकांनीं आठवावी. रीवा संस्थानाच्या बाजूस वेठीच्या मजुरांस मजुरी म्हणून हेंच धान्य घातलें जाई. मालकाच्या घरीं गहू व मजुराच्या घरीं लाख. म्हणून रोग मजुराच्याच घरीं. निदानाचा धागा ताटांत नव्हे, तर मजुरी मोजण्याच्या मापांत होता.

आजचें माप निराळें आहे; तें फवारणीच्या पंपाचें आहे. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें कोणी विसरला नसेल. जे दगावले त्यांची मोजदाद झाली. परंतु ऑरगॅनोफॉस्फरस वर्गांतील कांहीं औषधांची खोड अशी आहे, कीं घाम, लाळ, बारीक झालेलीं बुबुळें व उलट्या हा पहिला हल्ला ओसरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनीं, पोटऱ्या दुखून पायांतील बळ जातें. तोंवर रोगी घरीं आलेला असतो, फवारणी संपलेली असते आणि डबा उकिरड्यावर गेलेला असतो. नवा डॉक्टर विचारतो, "काय होतंय?" हा म्हणतो, "पाय उचलत नाहीं." तीन आठवड्यांपूर्वींची गोष्ट दोघांच्याहि मनांत येत नाहीं. मुंबईच्या मालाड भागांत १९६० सालीं व कलकत्त्याच्या बेहाला भागांत १९८८ सालीं भेसळीच्या खाद्यतेलानें याच जातीचा पांगळेपणा शेंकडों लोकांस आला. तेथें एकाच दुकानाचें तेल अनेक घरांत गेलें म्हणून कारण सांपडलें. शेतांतला मनुष्य एकटा आजारी पडतो, व त्याचें कारण एकटेंच राहतें. पंप पाठीवर घेणारा बहुधा आपला सालगडी असतो. औषध आणणारे आपण असतों. त्याच्याबरोबर दवाखान्यांत जाऊन औषधाचें नांव सांगणें हें मालकाचें कर्तव्य आहे. डब्यावरील चिठ्ठी फाडून पाकिटांत ठेवावयास कष्ट ते काय पडतात?

जनावरांवर आपली नजर असतेच. तिचाहि येथें उपयोग आहे. जपानांत मिनामाता या कोळ्यांच्या गांवीं १९५६ सालीं लोकांचे हातपाय थरथरूं लागले, बोलणें अडखळूं लागलें व दृष्टि आंकसूं लागली. प्रथम तो सांथीचा रोग समजून रोग्यांस वाळींत टाकल्यासारखें वागविलें गेलें. परंतु माणसांच्या आधींच तेथलीं मांजरें गरगर फिरून मरत होतीं. माणूस व मांजर दोघेंहि खाडीची मासळी खात, आणि खाडींत कारखान्याचा पारा जात होता. सरकारनें तें उघडपणें मान्य करावयास १९६८ साल उजाडलें. आपल्या गोठ्यांतलें वासरूं घरच्या मुलाबरोबरच थरथरूं लागलें, तर हें डॉक्टरास सांगणें हास्यास्पद नव्हे.

कांहीं निदानें लाजेपायीं अडतात. अंगावरील चट्ट्याची संवेदना जाणें, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागणें, चुलीचा चटका बसून न कळणें, हीं महारोगाचीं लक्षणें असूं शकतात. तो आज सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधानें बरा होतो व तें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. तरी नांवाच्या भीतीनें लोक बोटें वांकडीं होईपर्यंत चट्टा बाहीखालीं झांकतात. तसेंच मोठ्या वयांत प्रथमच आलेली फिट. डुकरांतील पट्टकृमीचीं अंडीं मनुष्याच्या विष्ठेवाटे भाजीपाल्यास व पाण्यास लागतात, पोटांत जातात व मेंदूंत त्यांच्या गांठी होतात. शुद्ध शाकाहाऱ्यासहि हा रोग होतो. म्हणून "आमच्यांत कोणी तसलें खात नाहीं" असें रागावून सांगण्यापूर्वीं मेथीची जुडी कोणत्या नाल्याच्या पाण्यावर वाढली होती हें पाहावें.

आणि "कांहीं नाहीं, मनाचें आहे" या वाक्याविषयीं. मनाच्या व मज्जातंतूंच्या मधल्या कारभारांत बिघाड होऊन हातपाय खरोखर चालेनासे होतात, हा विकार आहे व तो सोंग नव्हे. तो जाणता डॉक्टर खुणांवरून ओळखतो; निजलेल्या रोग्याला दुखरी टांच खालीं दाबतां येत नाहीं, पण दुसरा पाय उचलावयास सांगतांच तीच टांच आपोआप दाबली जाते, ही खूण १९०८ पासून माहीत आहे. असें तपासून सांगितलें तर तें निदान होय व त्यावर उपचारहि आहेत. परंतु कागदांत कांहीं सांपडलें नाहीं म्हणून रोग मनाचा, हें निदान नव्हे. बायकांच्या वांट्यास हें वाक्य अधिक येतें. कित्येक दुखण्यांस पहिल्या भेटींत नांव मिळत नाहींच. तेव्हां चांगला डॉक्टर "अजून कळलें नाहीं, तीन महिन्यांनीं पुन्हां या" म्हणतो. त्याला सोडून दुसऱ्याकडे धांवूं नये. दर नव्या दारीं गोष्ट पुन्हां पहिल्यापासून सुरू होते व जुनीं पाकिटें कपाटांत साठत जातात.

मात्र वाट पाहण्यास एक मर्यादा आहे. तोंड एका बाजूस वांकडें होणें, एकाच अंगाचा हातपाय पडणें, बोलणें एकाएकीं बोबडें होणें, यांत तासांचा हिशेब असतो. तसेंच पायांपासून चढत जाणारी दुर्बलता. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागांत दूषित पाण्याशीं संबंध असलेली गीयां-बारे रोगाची सांथ आली, तेव्हां कित्येकांस आधीं जुलाब झाले व मग थोड्याच दिवसांत बळ पायांतून वर वर जात चाललें. छातीचे स्नायु थकले तर श्वासच थांबतो. वेळीं इस्पितळांत पोंचलेले बहुतेक लोक पुन्हां चालूं लागतात. अशा वेळीं नोंदी व प्रश्न गाडींत बसल्यावर.

एरवीं नोंद हवीच. आपल्या संघानें सभासदांस पीकनोंदीची वही छापून दिली आहे. बी, खत, पाळी, फवारणी यांचीं पानें तींत आहेत. तिच्या शेवटीं घरच्या माणसांसाठीं दोन पानें जोडावीं, अशी माझी सूचना आहे. मुंग्या किंवा थरथर कोणत्या तिथीस लागली, एका बाजूस कीं दोहींस, वर चढत आहे कीं जागींच आहे, अंधारांत वाढतें काय. त्याआधींच्या दोन महिन्यांत कोणतें औषध फवारलें व कोणी, घरांत नवें धान्य, तेल वा पाणी कोठून आलें, दुकानांतून स्वतः आणलेल्या गोळ्या कोणत्या. घरांत, शिवारांत वा गोठ्यांत आणखी कोणाला असें झालें काय. आणि दूध घरांत किती राहतें. ज्यास लिहितां येत नाहीं अशा सालगड्याचीं पानें मालकानें भरावीं. कांहीं सभासद म्हणतील, कीं डॉक्टरास वही पाहावयास वेळ कोठें आहे? असेल नसेल, पण वहींतलें पान वाचावयास दोन मिनिटें लागतात, व आमच्या दादांच्या हकीकतींत त्या दोन मिनिटांच्या अभावीं तीन वर्षें गेलीं.

येत्या साधारण सभेपुढें मी हा ठराव मांडणार आहें. दादा अनुमोदन देणार आहेत. सभा दिवसां ठेवावी, एवढीच त्यांची अट आहे.